शब्बाथ आणि चेंडू : हेब्रिडीज बेटांवरील रविवारच्या गोल्फचा प्रश्न

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात बाह्य हेब्रिडीज ही द्वीपमाला उत्तर-दक्षिण सुमारे २०० किलोमीटर पसरलेली आहे. तिच्या उत्तर टोकाला लुईस आणि त्याला जमिनीनेच जोडलेले हॅरिस आहे. या भागावर प्रेस्बिटेरियन प्रॉटेस्टंट पंथाचा पगडा आहे. दक्षिणेकडची साउथ यूइस्ट आणि बारा ही बेटे मुख्यतः कॅथलिक आहेत. लुईस, हॅरिस आणि साउथ यूइस्ट या तिन्ही ठिकाणी लहान गोल्फ क्लब आहेत, आणि तिन्ही क्लबांचे सभासद एकाच बायबलच्या परंपरेत वाढलेले आहेत. तरीही साउथ यूइस्टच्या मैदानावर रविवारी खेळ चालतो, आणि लुईस व हॅरिसमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिला. यातून निघणारा प्रश्न केवळ क्लबाच्या वेळापत्रकाचा नाही. पवित्र दिवशी खेळणे ही विश्रांती आहे की विश्रांतीचा भंग, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याचा गाभा आहे.

मैदान आणि जमीन

लुईसवरील स्टॉर्नोवे गोल्फ क्लब १८९० मध्ये स्थापन झाला. त्याचे पहिले मैदान गावाबाहेर मेलबॉस्ट येथे समुद्रकाठी होते. शिंपल्यांच्या चुऱ्याने बनलेल्या वाळूवर आखूड गवत वाढते. अशा सपाट किनारी कुरणाला गेलिक भाषेत मॅखर म्हणतात. मेंढ्यांनी चरून राखलेले हे कुरण गोल्फला जवळजवळ तयार मैदानच असते. पण सपाट जमीन विमानांनाही सोयीची असते. दुसऱ्या महायुद्धात मेलबॉस्टला लष्करी विमानतळ झाला आणि क्लबाला जागा सोडावी लागली. १९४७ पासून क्लब लूज कॅसल या वाड्याच्या आवारात खेळू लागला.

या आवाराच्या मालकीचा इतिहास पुढच्या वादासाठी महत्त्वाचा आहे. जेम्स मॅथेसन याने १८४४ मध्ये लुईस बेट विकत घेतले आणि हा वाडा बांधला. तो जार्डिन-मॅथेसन या व्यापारी पेढीचा भागीदार होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला पाठवण्याच्या व्यापारात ही पेढी अग्रेसर होती आणि मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय हे तिचे मोठे सहकारी होते. १९१८ मध्ये साबणाचे कारखानदार लॉर्ड लेव्हरह्यूम यांनी बेट घेतले. मासेमारीचा उद्योग उभा करण्याचे त्यांचे बेत फसल्यावर त्यांनी १९२३ मध्ये स्टॉर्नोवे परिसराची जमीन तेथील रहिवाशांना दान केली. तिच्या व्यवस्थेसाठी स्टॉर्नोवे ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे विश्वस्त स्थानिक रहिवासी मतदानाने निवडतात. गोल्फ क्लब हा या ट्रस्टचा भाडेकरू. रविवारी खेळायचे नाही ही अट त्याच्यावर भाडेपट्ट्यानेच आली. स्कॉटलंडच्या कायद्यात रविवारच्या गोल्फला मनाई नाही. येथील मनाई जमिनीच्या मालकीतून आली.

हॅरिसच्या पश्चिम किनाऱ्यावर स्कॅरिस्टा येथे नऊ होलचे मैदान आहे. तेथे मेंढ्या चरतात आणि शेजारीच पॅरिश चर्च उभे आहे. खेळाचे शुल्क खेळाडूने स्वतः पेटीत टाकायचे असते; घेणारा कोणी बसलेला नसतो. इंग्लंडचा नामांकित गोल्फपटू निक फाल्डो येथे आला तेव्हा त्याने पेटीत टाकलेली सही केलेली पाच पौंडांची नोट क्लबाने जपून ठेवली आणि ती एका स्पर्धेचे बक्षीस झाली. या मैदानावरही परंपरेने रविवारी खेळ होत आलेला नाही.

साउथ यूइस्टच्या अ‍ॅस्कर्निशची कथा निराळी आहे. बेटाची मालकीण लेडी गॉर्डन कॅथकार्ट हिच्या निमंत्रणावरून सेंट अँड्र्यूजचा प्रसिद्ध मैदानपाल टॉम मॉरिस १८९१ मध्ये तेथे गेला आणि त्याने मॅखरवर अठरा होल आखले. पुढे त्यातील बरीच जागा विस्मरणात गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचा पुन्हा शोध घेण्यात आला आणि २००८ मध्ये मैदान नव्याने खुले झाले. दरम्यान २००६ मध्ये बेटवासीयांच्या सामुदायिक कंपनीने ती मालमत्ता विकत घेतली होती. मैदानाला विरोध तेथेही झाला, पण तो काही क्रॉफ्टरांचा, म्हणजे लहान कुळांचा होता आणि त्याचे कारण चराईचे हक्क हे होते. रविवार हा त्या भांडणाचा विषय नव्हता.

दिवसाची घडण

शब्बाथची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या पवित्र दिवसाची, आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी तिचे कारण वेगळे आहे. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सृष्टीची निर्मिती हे कारण आहे : देवाने सहा दिवस काम केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून माणसानेही घ्यावा. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मुक्तीची आठवण हे कारण आहे : इस्राएल लोक मिसर देशात गुलाम होते, म्हणून दासदासी, बैल, गाढव आणि परका या सर्वांना विसावा मिळाला पाहिजे. पहिले कारण दिवसाला देवाशी जोडते, दुसरे कष्टकऱ्याशी. खेळाबाबतचे बहुतेक मतभेद या दोन कारणांपैकी कोणत्याला अधिक वजन द्यायचे यावर अवलंबून आहेत.

ख्रिस्ती लोकांनी सातव्या दिवसाऐवजी येशूच्या पुनरुत्थानाचा वार, म्हणजे रविवार, उपासनेसाठी घेतला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांना सूर्याच्या दिवशी सुटी दिली. शेतकऱ्यांना मात्र कामाची मोकळीक ठेवली. मध्ययुगीन चर्चने दोन गोष्टी सक्तीच्या केल्या : मिस्साला उपस्थिती आणि कष्टाच्या कामापासून निवृत्ती. हीच चौकट कॅथलिक परंपरेत आजही आहे. मिस्सा झाल्यावर केलेली करमणूक त्या चौकटीत दोष ठरत नाही, कारण ती मनाला उभारी देते. साउथ यूइस्टमधील रविवारचा गोल्फ या विचारात सहज बसतो.

स्कॉटलंडमध्ये गोल्फवरची पहिली बंदी धार्मिक नव्हती. १४५७ मध्ये संसदेने फुटबॉल आणि गोल्फ यांना मनाई केली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्यांच्या मागे लागले होते. रविवारचा प्रश्न धर्मसुधारणेनंतर आला. १५९२ मध्ये एडिंबरोच्या नगरपरिषदेने शब्बाथच्या दिवशी लीथ येथे गोल्फ खेळण्यास मनाई केली. दुसरीकडे राजा सहावा जेम्स, जो इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स झाला, त्याने १६१८ मध्ये जाहीर केले की उपासना संपल्यावर नृत्य, तिरंदाजी, उड्या अशा निरुपद्रवी खेळांना आडकाठी नसावी. त्याचा युक्तिवाद व्यवहारी होता : राबणाऱ्या माणसाला रविवारखेरीज मोकळा वेळ कुठला? प्युरिटनांना, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंटांना, ही घोषणा देवनिंदेसारखी वाटली आणि १६४३ मध्ये इंग्लंडच्या संसदेने तिच्या प्रती जाळण्याचा आदेश दिला.

प्युरिटन भूमिकेला पक्के रूप मिळाले ते वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात. स्कॉटलंडच्या चर्चने ते १६४७ मध्ये स्वीकारले. त्याच्या एकविसाव्या प्रकरणानुसार शब्बाथला माणसाने आपली कामेच नव्हे, तर ऐहिक व्यवसायांबद्दलची बोलणी आणि विचारही, तसेच करमणूकसुद्धा, बाजूला ठेवायची असते. सगळा दिवस उपासनेत जायला हवा. अपवाद फक्त निकडीच्या आणि दयेच्या कामांचा. या शिकवणुकीला यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाचा आधार दिला जातो. तेथे देवाच्या पवित्र दिवशी स्वतःच्या मर्जीने वागू नये असा बोध आहे. या वाचनात खेळ दोषी ठरतो तो कष्टाचा आहे म्हणून नव्हे. तो स्वतःच्या आवडीचा आहे म्हणून.

ही शिकवण लुईसमध्ये उशिरा, पण खोलवर रुजली. १८२० च्या दशकात गेलिक शाळांमधून लोक बायबल वाचू लागले आणि बेटावर धर्मजागृतीची लाट आली. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, कारण पाळकांच्या नेमणुकीत जमीनदारांचा हात होता. लुईसची बहुसंख्य जनता नव्या फ्री चर्चमध्ये गेली. जमीन जमीनदाराची असलेल्या कुळाला आठवड्यातला एक दिवस तरी त्याच्या हुकमाबाहेरचा मिळाला होता. शनिवारी पाणी भरून ठेवायचे, चुलीसाठी पीट घरात आणून ठेवायचे, बटाटे सोलून ठेवायचे. रविवारी दोरीवर कपडा वाळत घालायचा नाही. या शिस्तीकडे बाहेरच्याने जुलूम म्हणून पाहिले तरी बेटावरच्या अनेकांनी ती आपली ठेव मानली.

श्रमाचा युक्तिवाद कुठपर्यंत पुरतो

रविवारच्या खेळाला होणारा सर्वांत सहज पटणारा विरोध श्रमाचा आहे. एकाची करमणूक दुसऱ्याची नोकरी असते. मैदान उघडे ठेवायचे तर गवत राखणारा, दार उघडणारा, खाणे-पिणे देणारा यांना कामावर यावे लागते. अनुवादातील आज्ञा नेमकी अशा माणसांसाठी आहे, आणि तिचे मोल समजायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही. ज्या वर्षी स्टॉर्नोवेचा क्लब सुरू झाला त्याच वर्षी, १८९० मध्ये, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. त्यासाठी सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षे लढा दिला होता. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही त्यांच्या मागणीचे एक कारण म्हणून सांगितले जाते. कामगाराच्या बाजूने पाहिले तर सुटीच्या दिवसाचे धार्मिक कारण बदलले तरी गरज बदलत नाही.

स्कॅरिस्टाचे मैदान या युक्तिवादाची कसोटी पाहते. तेथे पैसे घेणारा नाही, कॅडी नाही, उपाहारगृह चालवणारे मनुष्यबळ नाही. एखाद्याने रविवारी दुपारी पेटीत शुल्क टाकून एकट्याने नऊ होल खेळले तर कोणाचीही सुटी मोडत नाही. तरीही मनाई उरते. म्हणजे श्रमाचा युक्तिवाद खरा असला तरी या मनाईचे तेच मूळ नाही. श्रम वजा केल्यावर जे उरते ते निर्गमातील कारण आहे : हा दिवस माणसाचा नाही.

मैदानाच्या स्वतःच्या विश्रांतीचाही विचार परंपरेत आहे. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान मोजके मोठे सामने वगळता रविवारी बंद असते. टॉम मॉरिस चर्चचा वडीलजन होता. माणसांना नको असली तरी मैदानाला विश्रांती हवी, असे तो म्हणे अशी आख्यायिका आहे. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिलाही शब्बाथ द्यावा असे सांगितले आहे, त्याच्याशी हे जुळते. मात्र सेंट अँड्र्यूजला बंद मैदानावर रविवारी लोक फिरायला येतात, कुत्री आणतात, गवतावर बसून खातात. खेळ थांबला तरी तेथे दिवस रिकामा होत नाही; ती जागा सर्वांची होते.

खेळ आणि उपासना

यहुदी परंपरेत या प्रश्नाची चर्चा अधिक बारकाईने झाली आहे. रब्बींनी शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ प्रकार ठरवले. चेंडू खेळणे त्यांत थेट येत नाही. तरी जेरुसलेमच्या तालमुदात तूर शिमोन या गावाच्या विनाशाचे एक कारण म्हणून तेथील लोक चेंडू खेळत असा उल्लेख आहे, आणि भाष्यकारांनी तो शब्बाथच्या संदर्भात घेतला. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी आपल्या धर्मसंहितेत शब्बाथला चेंडूचा खेळ निषिद्ध ठरवला. पोलंडचे मोशे इस्सर्लेस यांनी त्यावर टीप लिहून आपल्याकडे सवलतीचा प्रघात असल्याचे नोंदवले. दोन्ही मते एकाच पानावर छापली जात राहिली. काम नसलेली गोष्टही पवित्र दिवसाला बाधू शकते का, याचे उत्तर तेथेही एकमुखी नाही.

हा पेच सुटायला खेळाचे स्वरूप पाहावे लागते. डच इतिहासकार योहान हाइझिंगा यांनी १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात दाखवले की खेळ रोजच्या जगण्यापासून वेगळी केलेली जागा आणि वेळ मागतो, त्या मर्यादेत स्वतःचे नियम चालवतो आणि त्यातून काही मिळवणे हा त्याचा हेतू नसतो. याच खुणा विधीलाही लागू पडतात, असेही त्यांनी म्हटले. यहुदी विचारवंत अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९५१ मध्ये शब्बाथवर लिहिताना हा दिवस म्हणजे काळात उभारलेले मंदिर आहे असे प्रतिपादन केले. यहुदी धर्मात पावित्र्य आधी वस्तूंना किंवा जागांना नाही, काळाला मिळते, हा त्यांचा मुद्दा होता.

हे दोन विचार शेजारी ठेवले की वेस्टमिन्स्टरच्या कठोरपणामागचा तर्क दिसू लागतो. खेळ कामासारखा असता तर तो सहा दिवसांच्या कामांत मोजून सातव्या दिवशी थांबवणे पुरले असते. खेळ उपासनेसारखा आहे, आणि अडचण तेथेच आहे. तोही माणसाला उपयोगाच्या जगातून बाहेर काढतो, लाभाची अपेक्षा न ठेवता पूर्ण मन मागतो, ठरलेल्या हद्दीत ठरलेल्या क्रमाने नेतो. कामाने थकलेला माणूस विश्रांतीकडे ओढला जातो. खेळात रमलेल्या माणसाला दुसऱ्या विश्रांतीची गरजच वाटत नाही. म्हणून कडव्या प्रेस्बिटेरियनाला गोल्फ हा शब्बाथचा शत्रू वाटतो त्यापेक्षा अधिक त्याचा प्रतिस्पर्धी वाटतो.

कॅथलिक उत्तर याच साम्यातून उलट दिशेने जाते. निरपेक्ष आनंद ही देवाच्या सृष्टीची देणगी असेल, तर उपासनेनंतरचा खेळ त्या दिवसाचा अर्थ पुढेच नेतो. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथसाठी नाही, या आशयाचे येशूचे वचन मार्काच्या शुभवर्तमानात आहे. त्याचा आधार या बाजूला मिळतो. विरोधी पक्ष त्याच वचनाचा अर्थ असा लावतो की शब्बाथ माणसाच्या हितासाठी आहे, आणि आपले हित कशात आहे हे माणसाला स्वतःच्या आवडीवरून कळतेच असे नाही.

समुदाय आणि सदसद्विवेक

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ मध्ये शब्बाथच्या कायद्यांचा परामर्श घेतला. कामगाराची सुटी इतरांनीही काम थांबवल्याशिवाय टिकत नाही, म्हणून आठवड्यातला एक दिवस कायद्याने राखणे त्यांना मान्य होते. स्वेच्छेने केलेल्या उद्योगाला आणि करमणुकीला मात्र हे कारण लागू नाही, असे ते म्हणतात. मग मनाईला एकच आधार उरतो : ते कृत्य देवाला नापसंत आहे. आणि देवाविरुद्धच्या अपराधाचा सूड घेणे हे समाजाचे काम नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

लुईसचे उदाहरण या युक्तिवादाला दोन ठिकाणी अडवते. पहिले, येथे कायदा नाही, मालकी आहे. आणि मालक म्हणजे लहरी जमीनदार नसून रहिवाशांनीच निवडलेले विश्वस्त आहेत. आपल्या सामायिक जमिनीवर कोणता दिवस कसा जावा हे ठरवण्याचा हक्क समुदायाला आहे, असे म्हणता येते. दुसरे, सामायिक दिवस ही एकट्याने मिळवता येणारी वस्तू नाही. शांतता हवी असलेला माणूस घराचे दार लावून घेऊ शकतो, पण सगळे गाव एकाच वेळी थांबले आहे ही जाणीव त्याला दार लावून मिळत नाही. याला उत्तर असे की सर्वांची असलेली जमीन अल्पमतातल्यांचीही असते. ज्याला तो दिवस पवित्र वाटत नाही त्याच्याकडून मनाईच्या बळावर पाळून घेतलेला शब्बाथ उपासना ठरत नाही. धर्मसुधारणेचा मूळ आग्रह सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा होता, हेही विसरता येत नाही.

प्रत्यक्षात बेटावरचा रविवार क्रमाक्रमाने बदलत गेला. २००२ मध्ये स्टॉर्नोवेला रविवारी नियमित विमानसेवा सुरू झाली. १९ जुलै २००९ रोजी मुख्य भूमीवरच्या अलापूलला रविवारची पहिली नियमित फेरीबोट निघाली, तेव्हा धक्क्यावर स्वागताला आणि निषेधाला दोन्ही प्रकारचे लोक जमले होते. धार्मिक कारणाने सेवा न देणे हा समानतेच्या कायद्याचा भंग ठरू शकतो, असे कारण बोट कंपनीने दिले. २०२४ मध्ये गावातील मोठे सुपरमार्केटही रविवारी उघडू लागले. या सर्व ठिकाणी कोणीतरी रविवारी कामावर येते. श्रमाच्या कसोटीवर पाहिले तर मेंढ्यांच्या कुरणावरचा एकटा गोल्फपटू या सर्वांहून निरुपद्रवी आहे. तरी मैदानांवरची मनाई बोट आणि विमान आल्यावरही पुढे चालू राहिली. प्रवासाला आणि खरेदीला निकड म्हणता येते. खेळाला तशी सबब नसते.

निकड आणि दया या अपवादांची व्याप्ती किती, हे एरिक लिडेल याच्या आयुष्यातून दिसते. या स्कॉटिश धावपटूने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरी रविवारी असल्याने १०० मीटरची शर्यत सोडली आणि ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकले. पुढे तो चीनमध्ये मिशनरी झाला आणि युद्धकाळात जपानी सैन्याच्या वेहसिएन येथील छावणीत बंदिवान होता. तेथील मुले रविवारी आपापसांत खेळून भांडू लागली तेव्हा तो स्वतः पंच म्हणून उभा राहिला, असे त्या छावणीतील सोबत्यांनी नोंदवले आहे. १९४५ मध्ये तो तेथेच वारला. स्वतःसाठी पाळलेला नियम त्याने मुलांवर लादला नाही, आणि त्यांच्यासाठी मोडताना तो नियम खोटाही मानला नाही.

अशा रीतीने बेटांवरील रविवारच्या गोल्फचा प्रश्न तीन वेगळ्या प्रश्नांत विभागता येतो. दुसऱ्याच्या श्रमाचा प्रश्न न्यायाचा आहे. त्याला वेतन, सुट्या आणि पाळ्या यांच्या व्यवस्थेने बरेचसे उत्तर देता येते. सामायिक दिवसाचा प्रश्न राजकीय आहे. तो मतदानाने, भाडेपट्ट्याने आणि तडजोडीने सुटतो किंवा लांबतो. तिसरा प्रश्न, निर्हेतुक आनंद देवाकडे नेतो की देवाची जागा घेतो, हा केवळ धार्मिक आहे आणि तो मैदानाचे फाटक उघडून किंवा बंद करून सुटत नाही. स्टॉर्नोवे आणि स्कॅरिस्टाच्या परंपरेने त्याचे एक उत्तर दिले, अ‍ॅस्कर्निशच्या परंपरेने दुसरे. खेळाला क्षुल्लक मानून दिलेले उत्तर मात्र दोघांपैकी कोणाचेच नाही.